मालीशला गडी पाहिजेत

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत पॅलिएटिव्ह केअरवर, म्हणजे मोठ्या दुखण्यातल्या माणसाच्या वेदना हलक्या करण्याच्या कामावर, अर्धं पान आलं होतं. चांगलं लिहिलं होतं. १९८६ साली वांद्र्याला शांती अवेदना सदन हे देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांना सांभाळणारं केंद्र, सुरू झालं, तिथपासूनची हकीकत होती. १९९७ पासून चालू असलेल्या आपल्या वारज्याच्या केंद्राचा उल्लेख होता. स्वयंसेवक काय काय करतात तेही दिलं होतं. भजनं म्हणतात, पेपर वाचून दाखवतात, कॅरम मांडतात, कुणाला गावाकडं फोन लावून देतात. सगळं खरं आहे. फक्त त्यात मालीश नव्हती. मी नऊ वर्षं पुण्यातल्या अशाच एका केंद्रात दर मंगळवारी आणि शुक्रवारी तेवढं एकच काम करतो, त्यामुळे जरा लागलं. लागलेलं गिळलंही असतं. पण पुरवणी ठेवून मुख्य अंक उचलला, तर आतल्या पानावर ठळक मथळा : मसाज सेंटरवर छापा.

मग मी पोटमाळ्यावरची रद्दी खाली काढली. दोन महिन्यांचे तुमचेच अंक. चष्मा लावून दुपारभर बसलो. मसाज हा शब्द जिथं जिथं सापडला तिथं शेजारी पोलीस उभेच. एकदा काय ती केसांच्या तेलाची जाहिरात निघाली. घरातली माणसं म्हणाली, पासष्टीला आल्यावर माणूस असंच करतो.

छाप्याच्या बातम्या छापू नका असं माझं म्हणणं नाही. गुन्हा झाला तर छापावाच. पण त्याचा वास आमच्यापर्यंत कसा येतो ते सांगतो. मागच्या वर्षी एका रुग्णाच्या खाटेशी मी तेलाची बाटली घेऊन बसलो होतो. त्यांचा मुलगा भेटायला आला, मला बघितलं, बाहेर गेला आणि सिस्टरला म्हणाला, "हे मसाजवाले कोण? आमच्या वडिलांना असलं काही नको." मुलगा शिकलेला, बोलायला नम्र. पण 'असलं' म्हणताना त्याने खालचा आवाज लावला, तो मला आतपर्यंत ऐकू आला. तेव्हापासून सिस्टर माझी ओळख 'पाय चेपून देणारे काका' अशी करून देतात. पाय चेपणं चालतं. शेषावर निजलेल्या विष्णूचे पाय लक्ष्मी चेपते, ते कॅलेंडर अर्ध्या महाराष्ट्राच्या भिंतीवर असतं, त्याला कुणी नाक मुरडत नाही.

माझी खरी अडचण पुढेच आहे. आमच्याकडं मालीश करणाऱ्या दोन बायका आहेत. त्यातली एक तीस वर्षं घरोघर बाळ-बाळंतिणीचं करत होती, तिचा हात म्हणजे लोणी. पण खाटांवर निम्मे पुरुष. साठी-सत्तरीतले हे गडी परक्या बाईसमोर पाय उघडा टाकायला लाजतात, आणि मरणाच्या दारात लाज कमी होते हा गैरसमज आहे. त्यांच्यासाठी पुरुष हवेत, आणि पुरुष येत नाहीत. नऊ वर्षांत माझ्याशिवाय दोघे आले. एक गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले. पेपर सुरेख वाचायचे, भरवायचेसुद्धा. पायाला तेल लावा म्हटल्यावर म्हणाले, "ते काम बायकांना सांगा." महिनाभरात यायचे बंद झाले. दुसरा नाभिक. तो रुग्णांची दाढी करायला आला होता, दाढीनंतर सवयीने डोकं दाबून द्यायला लागला आणि टिकला. त्याच्या दुकानात गिऱ्हाईक डोळे मिटून चंपी करून घेतं तेव्हा कुणाला काही वाटत नाही, तर इथं का वाटावं, असं त्याचं साधं म्हणणं.

मलाही कधी काही वाटलं नाही, कारण मी तालमीत वाढलो. चौदाव्या वर्षी कागलकडच्या खेड्यातून कोल्हापूरला एका तालमीत आलो. पहाटे जोर-बैठका, मग हौद्यात लाल माती. त्या मातीत तेल, ताक, लिंबू, हळद घालून ती मऊ ठेवायची. मेहनत झाली की मालीश. एक पट्ठा पालथा पडणार, दुसरा त्याच्या पाठीवर चढणार, कोपराने, गुडघ्याने रगडणार. मग पाळी बदलायची. आणि रात्री वस्तादांचे पाय. दोन पोरं, एकेक पाय. पाय दाबता दाबता डुलकी लागली की वस्ताद त्याच पायाने ढोसायचे. खासबागेत मी दोनदा उतरलो आणि दोन्ही वेळा पाठ टेकली, त्यामुळे माझ्या कुस्तीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. पुढं गुडघा गेला. पण हाताला मालीश लागली होती, तिच्यावर पुण्यात तीस वर्षं पोट भरलं. कबड्डीचे संघ, धावणारी पोरं, व्यायामशाळेतली गिऱ्हाइकं.

असला हात घेऊन मी हॉस्पिसमध्ये गेलो, तेव्हा तिथल्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी आधी काय केलं असेल? स्वयंपाकघरातला वजनकाटा आणून टेबलावर ठेवला. "काका, तुम्ही नेहमी दाबता तसं यावर दाबा." मी दाबलं. काटा सात किलोच्या पुढं. मॅडम म्हणाल्या, "आता पिकलेल्या चिकूवर बोट फिरवा. साल फाटता कामा नये." खरोखरच चिकू दिला हातात. तो आठवडा मी घरी चिकूच चोळत होतो. जोर कमावायला मला दहा वर्षं लागली होती, आणि तो उतरवायला वर्ष गेलं. अजूनही थकलो की हात जड होतो, मग मी उठून बाहेर जातो.

आम्ही काय करतो हे वाचकांना कळावं म्हणून थोडं लिहितो. हात धुवायचे, मग सिस्टरकडं फाईल. फाईल बघितल्याशिवाय कुणाच्या अंगाला हात नाही. कॅन्सर हाडात पसरलेला असेल तर तिथं दाब नाही, कारण असलं हाड नुसत्या दाबाने मोडू शकतं. प्लेटलेट कमी असतील तर नुसतं बोट घसरवायचं, नाहीतर काळंनिळं पडतं. एकच पाय सुजला, लाल झाला, गरम लागला, तर त्याला शिवायचंच नाही आणि लगेच सांगायचं. आत रक्ताची गाठ असू शकते, ती सुटून फुप्फुसात गेली तर माणूस जातो. माकडहाडावर, टाचेवर, जिथं पडून पडून कातडी लाल झालीय तिथं चोळायचं नाही. आपल्याकडं घरची माणसं नेमकं तिथंच चोळतात, 'रक्त फिरावं' म्हणून, आणि जखम व्हायची ती लवकर होते. वेदनेच्या औषधाची पट्टी छातीवर किंवा दंडावर चिकटवलेली असते, तिच्यावर ना मालीश ना शेक, नाहीतर औषध एकदम जास्त आत जातं. रेडिएशन दिलेल्या जागेवर काही नाही. आणि तेल बिनवासाचं. निलगिरी, मोगरा, अत्तर सगळं बंद. केमो घेतलेल्या माणसाला कधी कोणत्या वासाने मळमळेल सांगता येत नाही.

एवढं सगळं वजा केल्यावर उरतं काय? हात आणि पाय. पंधरा-वीस मिनिटं. एवढीच आमची मालीश.

एका आजोबांच्या बहिणीने साताऱ्याहून काशाची वाटी आणली होती. तळपायाला तूप लावून घासायचं, पाय काळा पडला की उष्णता निघाली असं म्हणतात. लहानपणी आमच्या आजीनेही केलंय. तो काळा रंग धातू आणि तुपाचा, हे मला नंतर कुणीतरी सांगितलं, तरी बरं वाटतं ते वाटतंच. पण त्या आजोबांचे तळवे केमोने बधिर झाले होते. लागलं तर कळलं नसतं. बहिणीला वाईट वाटू नये म्हणून मी वाटी पालथी धरून तिच्या स्वतःच्या पायाला घासून दिली. ती बसल्या जागी पेंगली. तीन तासांची एसटी करून आली होती ती.

२०१९ च्या पावसाळ्यात आमच्याकडं एक नवीन रुग्ण आला. गालाचा कॅन्सर, मणक्यात पसरलेला. फाईलवर नाव वाचलं आणि माझे पाय लटपटले. आमचे वस्ताद. पुतण्याकडं पुण्याला आणलं होतं, घरी वेदना आवरेनात म्हणून इथं. तालमीत आम्हाला सुपारीचं खांड तोंडात धरू दिलं नाही या माणसाने. स्वतःच्या तंबाखूच्या बाराला मात्र कधी कुणाचा धाक नव्हता. खांद्यात मान रुतलेला गडी, त्याची मान पोराच्या मनगटाएवढी झालेली. मोडलेले कान तेवढे पहिल्यासारखे. पैलवानाचे कान एकदा मोडले की आयुष्यभर तसेच राहतात.

त्यांनी मला ओळखलं नाही. मी तळव्याला हात लावला तशी शब्द नीट फुटत नसतानाही म्हणाले, "हात हलका का लावतुयास? मी काय बाळंतीण हाय व्हय?"

मी नाव सांगितलं. थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "पाठ रगड."

पाठ रगडायची नव्हती. मणके पोखरलेले होते. मी नाही म्हणालो. वस्तादांना नाही म्हणायची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ. त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. मंगळवार तसाच गेला. त्या आठवड्यात मी वार सोडून बुधवारीही गेलो, गुरुवारीही गेलो, खाटेशी बसून परत आलो. शुक्रवारी चादरीखालून एक पाय बाहेर आला. "पायच पायजे न्हवं तुला? घे." मी धरला. "अंगठ्यापासनं धर. शिकिवल्यालं इसरलास." पुढचे सगळे दिवस ते मला शिकवत होते. घोट्यापाशी थांब, पोटरीला उलटा जाऊ नको, श्वासाबरोबर हात सोड. मी करत होतो चिकूचीच मालीश, पण त्यांना वाटत होतं तालमीचा रगडा चाललाय, आणि मी ते तसंच वाटू दिलं. अकरा दिवस मिळाले.

लोक विचारतात, मालीशने कॅन्सरचं दुखणं थांबतं का? माझ्या हाताने नाही थांबत. ते मॉर्फीनने थांबतं, आणि ते वेळेवर मिळायला हवं. २०१४ साली कायदा बदलून ते रुग्णालयांना ठेवायला सोपं केलंय, तरी 'सवय लागेल' म्हणून घरची माणसं गोळी लपवून ठेवतात. हे मी डोळ्यांनी बघितलंय. वस्तादही पहिले दोन दिवस गोळी थुंकत होते. जो कोणी तेल लावून कॅन्सर बरा करतो म्हणतो, त्याच्या घरी तुम्ही खुशाल छाप्याची बातमी पाठवा.

आमच्या डॉक्टरांनी मला एकदा एका अभ्यासाबद्दल सांगितलं. अमेरिकेत २००८ साली छापून आलेला, १५ हॉस्पिसांमधले ३८० कॅन्सरचे रुग्ण. निम्म्यांना दोन आठवड्यांत अर्ध्या अर्ध्या तासाच्या सहा मालीश. बाकीच्यांच्या अंगावर तेवढाच वेळ कुणीतरी नुसता हात ठेवायचा, चोळायचं नाही, दाबायचं नाही. शून्य ते दहाच्या मापात वेदना विचारायच्या. मालीश झाल्या झाल्या त्या सरासरी जवळपास दोन अंकांनी उतरल्या, नुसता हात ठेवलेल्यांच्या एका अंकाने. काही दिवसांनी बघितलं तर दोन्ही गटांत फरक उरला नव्हता. डॉक्टरांना वाटलं मला वाईट वाटेल. मी म्हटलं, साहेब, म्हणजे नुसता हात ठेवला तरी एक अंक उतरतो? मग हे घरच्या लोकांना का नाही सांगत?

कारण घरची माणसं हात लावायची थांबलेली असतात. हे मला नऊ वर्षांत सगळ्यात जास्त दिसलं. प्रेम आटलेलं नसतं. डबा आणतात, रात्री बाकावर झोपतात, पण खाटेपासून दोन हात लांब उभे राहतात. दुखेल म्हणून, नळी निघेल म्हणून, आणि काहींना अजूनही वाटतं की कॅन्सर लागतो. तो लागत नाही. एक काकू चार महिने नवऱ्याच्या उशाशी बसत होत्या, पदर हाताला गुंडाळून पाणी पाजायच्या. मी पाय करत असताना त्यांना म्हटलं, तळहात धरा, मी सांगतो तसा अंगठा फिरवा. त्यांनी धरला आणि पहिलं वाक्य काय बोलल्या? "अहो, यांची नखं किती वाढलीत." नेलकटर मागवला. त्या दिवशी मालीश राहिली, नखंच कापली.

आणखी एक गडी आठवतो. मार्केटयार्डातला हमाल, जिभेचं ऑपरेशन झालेलं, गळ्यात श्वासाची नळी, बोलणं बंद. पोराची शाळेची पाटी उशीखाली. मी पहिल्यांदा खुर्ची ओढून बसलो तेव्हा त्याने पाटी काढली, खडूने लिहिलं, 'पैसे नाहीत'. मी म्हटलं, घेत नाही. त्याने बराच वेळ माझ्याकडं बघितलं, मग पाय पुढं केला. टाचेच्या भेगा अशा, की त्यात रुपया उभा राहिला असता. चाळीस वर्षं पोत्यांखाली चाललेले पाय, त्यांना उलट कुणी उचलून धरलं नव्हतं बहुतेक. उजवा पाय करून झाला तेवढ्यात सिस्टर औषध द्यायला आल्या, मी उठलो, दुसऱ्या खाटेकडं निघालो. पाठीमागं पाटीवर खडू वाजला. वळून बघितलं. 'डावा राहिला'.

नंतर तो मला आल्या आल्या तेच दोन शब्द दाखवायचा. पुसायचाच नाही.

केरळात कोझिकोडला १९९३ पासून पॅलिएटिव्हचं काम चालू आहे. तिथं गल्लीतली साधी माणसं, दुकानदार, विद्यार्थी आळीपाळीने रुग्णाच्या घरी जातात, त्यांना पद्धतशीर शिकवलं जातं. आपल्याकडं माणसं कमी आहेत असं नाही. कोल्हापूर, सांगली, पुण्यात कुस्ती सोडलेले किती गडी असतील? त्यांचे हात तयार आहेत, फक्त जोर उतरवायचा आहे. सलूनमधली माणसं आहेत. निवृत्त वॉर्डबॉय आहेत. नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर रोज संध्याकाळी राजकारण करत बसणारे आमच्या वयाचे निम्मे लोक आठवड्यातून दोन तास सहज देतील. त्यांना येऊ देत नाही तो एक शब्द. लेकीच्या सासरी 'बाबा हल्ली मसाज करतात' असं कुणी सांगायचं?

म्हणून संपादक साहेब, तुमच्याकडं मागणं एवढंच. पुढच्या वेळी हॉस्पिसवर लिहाल तेव्हा भजन आणि कॅरमच्या ओळीत मालीशही येऊ द्या, तोच शब्द. पाय चेपणं वगैरे करून झाकू नका.

आणि वाचणाऱ्या गड्यांना. आपल्या जवळच्या केंद्रात किंवा मोठ्या कॅन्सर रुग्णालयाच्या पॅलिएटिव्ह विभागात जाऊन विचारा. नखं कापून जा. अंगठी, कडं, मनगटातले दोरे घरी ठेवा, कातडी कागदासारखी झालेली असते, ओरखडा उठतो. सेंट लावू नका. सर्दी-खोकला असेल त्या दिवशी जाऊ नका. तेल नेऊ नका, ते तिथं असतं. दरवेळी आधी विचारायचं, लावू का? नाही म्हणाला तर वाईट वाटून घ्यायचं नाही, त्याच्या हातात नाही म्हणण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं. आमच्याकडं पहिले दोन आठवडे तर कुणाला हातच लावू देत नाहीत. खुर्चीवर बसायचं आणि नुसतं बघायचं. त्यात बरेच जण कंटाळून जातात, हे आधीच सांगून ठेवतो.

आपला,
एक मालीशवाला, कोथरूड, पुणे

(नाव-पत्ता सोबत जोडला आहे, छापू नये. रुग्णांच्या घरची माणसं तुमचा पेपर वाचतात. मजकूर नातीने टाईप केला आहे. वस्तादांचं बोलणं ती शुद्ध करत होती, मी करू दिलं नाही.)